कातरबाईची मापाची वही

कातरबाईच्या दुकानात शिवणयंत्राच्या बाजूला एक भली मोठी टोपली आहे आणि टोपलीत छत्र्या. सगळ्या निळ्या, सगळ्यांवर एकाच विमा कंपनीचं नाव. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "बाई, छत्र्याही दुरुस्त करता वाटतं?" बाई दातांत धरलेली टाचणी काढते आणि म्हणते, "दुरुस्त नाही करत. सूड उगवते त्यांच्यावर." गिऱ्हाईक हसतं. बाई हसत नाही.

कातरबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हातातली कात्री आणि तोंडातली जीभ, दोहोंची धार सारखीच, म्हणून गल्लीने ते ठेवलं. काम अल्टरेशनचं. नवं ती काही शिवत नाही. "नवं शिवणारे पैशाला पासरी मिळतात," ती म्हणते, "उसवायला अक्कल लागते. आधीच्याने कुठे कापड चोरलंय ते टाका उसवल्याशिवाय कळत नाही." पँट आत घेणं, कोट बाहेर काढणं, बाह्या आखूड करणं, असं बावीस वर्षं चाललंय. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, एक यंत्र, एक आरसा. माणूस आरशापुढे उभा राहिला की त्याचं ढुंगण रस्त्यावर येतं एवढीच जागा.

आणि तिची ती वही! लांबोडकी, जाड पुठ्ठ्याची. आलेल्या प्रत्येक माणसाचं माप तारखेनिशी त्या वहीत. मागच्या वेळचं आधी, आजचं त्याच्यापुढे. कोण वाळलं, कोण सुटलं, कोणाला दिवस गेलेत, कोण पोट आत ओढून खोटं माप देतो, सगळं लिहिलेलं. एकदा बँकेतल्या एका बाईंना तिने टेप लावता लावताच सांगितलं, "डावा खांदा उतरलाय तुमचा, डॉक्टरांना दाखवा," आणि खरंच मणक्याचं दुखणं निघालं. तेव्हापासून तिला वहीचा भारी अभिमान. त्या अभिमानानेच पुढे घात केला.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टवाले. चांगला आडमाप गडी, हसरा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका वर्षात त्याच्या पँटी तिला पाच वेळा आत घ्याव्या लागल्या. वहीत आहे ना: अडतीस, सदतीस, साडेपस्तीस, चौतीस, तेहतीस. तेहतिसाला बाईने कात्री खाली ठेवली आणि त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सुरू झालं आणि कंबर तेहतिसावर थांबली. मग तिच्या मनाने घेतलं की आता दवाखान्याच्या विम्याशिवाय राहणं बरं नाही.

विम्यासाठी लांब जायला नको होतं, एजंट घरातच होता. तिची थोरली बहीण, ताई, शाळेच्या वाचनालयात नोकरीला. ताईचे यजमान विमा विकायचे. पॉलिसी घेणाऱ्याला कंपनीची निळी छत्री फुकट, म्हणून अख्खा भाग त्यांना छत्रीवाले म्हणे. कातरबाईचे ते भाऊजी. कडक इस्त्री, कानात अत्तराचा बोळा, जिभेवर मध. एका दुपारी ते दुकानात आले आणि इस्त्रीच्या टेबलावर फॉर्म पसरून बसले.

"आधीचा काही आजार?" त्यांनी वाचलं.

"शुगर आहे ना यांना. गोळ्या चालू आहेत. लिहा," कातरबाई म्हणाली.

"अगं, वेडी का खुळी तू? ते लिहिलं की हप्ता दीडपट. शुगर काय, आजकाल सगळ्यांनाच असते. 'नाही' लिहितो. कोण बघायला येतंय?"

आणि त्यांनी 'नाही' लिहिलं. लिफ्टवाल्यांनी न वाचता सही ठोकली, ते लिफ्टच्या कागदांवरही तशीच ठोकत. हप्ता वाचला म्हणून कातरबाईलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे मात्र ती कोणाला सांगत नाही. पुढचा सगळा राग एवढा का पेटला, त्यातलं अर्धं कारण ते आहे.

चार वर्षं हप्ते वेळेवर गेले. पाचवं वर्ष लागून दोन महिने झाले होते तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लिफ्टवाल्यांच्या बुटातून एक खिळा उजव्या पायात घुसला. जखम एवढीशी. शुगरवाल्याची जखम ती, भरेना. पाय काळा पडायला लागला तसं त्यांना चांगल्या खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. रक्ताची नळी मोकळी केली की पाय वाचेल. विमा आहे ना? मग कंपनी आम्हाला परस्पर पैसे देईल, तुम्ही काळजी सोडा."

दुसऱ्याच दिवशी दुकानात एक सभ्य गृहस्थ आला. पँट ढगळ, बोलणं मऊ. कंबर आत घ्यायची होती. कातरबाई डबा घेऊन दवाखान्यात निघाली होती, पण 'पाच मिनिटांचं काम' म्हणून थांबली. त्याने इकडची तिकडची विचारपूस केली. यजमान आजारी का? अरेरे. कधीपासून बरं? बाईने मोठ्या कौतुकाने वही काढली. "माझ्या वहीत सगळं असतं. हे बघा, अडतिसापासून तेहतिसावर आले, आणि डॉक्टरच्याही आधी मी ओळखलं!" तारखा पॉलिसीच्या आधीच्या होत्या, आणि शेवटच्या मापापुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'शुगर निघाली.' गृहस्थ म्हणाला, "किती सुंदर अक्षर हो तुमचं!" आणि त्याने पानाचा फोटो काढला. त्या अक्षराच्या कौतुकाने बाई इतकी खुलली की तिने त्याच्याकडून शिलाईसुद्धा घेतली नाही.

तो कंपनीचा चौकशीवाला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवर पत्र आलं: आजार लपवला, सबब क्लेम नामंजूर. खासगी दवाखान्याचं बिल त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात हलवलं, तिथे नळीच्या ऑपरेशनला नऊ दिवसांची रांग. आठव्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला.

आता ऐका, ज्यासाठी ही सगळी गोष्ट. लिफ्टवाले घरी आले तेव्हा नातेवाईक भेटायला जमले. आई होती, मामा-मामी होते, ताई होती, शेजारपाजार होता. कोणीतरी विचारलं, "पण विमा होता ना?" भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते घसा खाकरून म्हणाले, "मी तर माझं काम चोख केलं होतं. पॉलिसी काढून दिली. हिला वही दाखवायची खाज! हिच्या वहीनेच हिच्या नवऱ्याचा पाय खाल्ला."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कातरबाईने ताईकडे पाहिलं. ताई सगळं जाणून होती, नवऱ्याचे धंदे तिला पाठ होते. ताई मूग गिळून फरशीकडे बघत बसली. लिफ्टवाले तेवढे अंथरुणातून म्हणाले, "जाऊ द्या हो साडूभाऊ, पायच तो." कातरबाईने मनाशी एकच ठरवलं: हे वाक्य याच माणसाच्या तोंडून, याच माणसांसमोर मागे घ्यायला लावीन. तोवर याला सुखाचा घास गिळू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पॉलिसीचं पुस्तक काढलं. बारीक टाईप, लांबलचक वाक्यं, वाचून काही डोक्यात शिरेना. मग तिने केलं ते, जे तिला येत होतं. कात्री घेतली आणि पुस्तक उसवलं. एकेक कलम कापून वेगळं केलं आणि घरच्या टेबलावर चादर अंथरून टाचण्यांनी लावलं. कंपनी देते ती कलमं डावीकडे, काढून घेते ती उजवीकडे, 'अमुक दिवस थांबा' म्हणते ती मधे. तीन दिवस यंत्र बंद होतं. लिफ्टवाले पलंगावरून बघत. "अगं, त्या कागदाची पँट शिवणार आहेस का?"

तिसऱ्या दिवशी मधल्या रांगेत तिला एक तुकडा सापडला. फॉर्मवर सांगितलेला जुना आजार असला, तर त्याचा खर्च तीन वर्षांनंतर कंपनी देते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सांगितलेला! म्हणजे त्या दुपारी भाऊजींनी 'नाही'च्या जागी 'हो' लिहिलं असतं, तर हप्ता थोडा जास्त गेला असता, तीन वर्षं थांबावं लागलं असतं, आणि पाचव्या वर्षी बिल कंपनीने मुकाट भरलं असतं. पाय वाचला असता. बाईने तो तुकडा इतक्या जोराने टोचला की टाचणी टेबलात वाकली. मग ती आरशापुढे उभी राहून मोठ्याने म्हणाली, "भाऊजी, आता तुमची शिवण उसवते."

तिला भाऊजींची गिऱ्हाइकं शोधायला कष्ट पडले नाहीत. कपडे घेऊन कोणी आलं की ती टेप लावता लावता विचारायची, "घरी निळी छत्री आहे का हो?" हो म्हटलं की, "मग पुढच्या वेळी पँटीबरोबर पॉलिसीही आणा. फुकट उसवून देते."

पहिले आले रिटायर झालेले पोस्टमास्तर. एकसष्टीला पोचलेले काका, बाळंतपणाच्या खर्चाचा जादा हप्ता भरत होते. कातरबाईने तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. "काका, काकूंना अजून दिवस जायचेत का?" काकू लाजून आरशामागे गेल्या आणि काका दोन दिवस हसत होते. तो जादा हप्ता बंद झाला.

मग ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आले. बायको, मुलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई, सगळी एकाच पॉलिसीत कोंबलेली. "अहो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वयावर सगळ्यांचा हप्ता ठरतो," बाई म्हणाली. "आईंची वेगळी काढा, तुमची स्वस्त होईल." पार्लरवालीला हवी होती सगळ्यात स्वस्त पॉलिसी. तिला बाईने टेबलाशी बसवून समजावलं, "ही स्वस्त दिसते, कारण यात खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. महाग खोलीत झोपलीस तर नुसत्या भाड्याला नाही, सगळ्या बिलाला कात्री लागेल. त्यापेक्षा पहिला थोडा खर्च आपण सोसायचा, वरचा मोठा कंपनीने, अशी घे. खोकल्यापडशाला विमा लागत नाही, मोठ्या दुखण्याला लागतो. हप्ता निम्म्यावर येतो."

आणि प्रत्येकाला शेवटी एकच विचारायची, आवाज खाली आणून: "फॉर्मवर काय लपवलंय?" दहातल्या सात जणांचं काहीतरी निघायचं. बीपी, दमा, जुनं ऑपरेशन. भाऊजींनी सगळीकडे 'नाही' ठोकलेलं. "आत कापड न सोडता शिवलेली पँट आहे ही," ती म्हणायची. "कापड वाचतं, पण खाली वाकलं की फाटते, आणि नेमकी चारचौघांत फाटते. दुसऱ्या कंपनीत जा, जुनी वर्षं बरोबर नेता येतात. मुदत संपायच्या दीड महिना आधी अर्ज करा. आणि खरं लिहा. हप्ता कमी करायचे मार्ग शंभर आहेत, खोटं बोलणं हा त्यातला नाही."

फी किती, असं लोक विचारायचे. फी एकच होती: निळी छत्री.

छत्र्या टोपलीत जमायला लागल्या. बाई त्यांचं कापड उसवायची आणि बाजारहाटाच्या पिशव्या शिवायची. घट्ट विणीचं कापड ते, दहा किलो बटाटे आरामात पेलायचं. वर्षभरात गल्लीत जो तो भाऊजींच्या कंपनीचं नाव मिरवत भाजी आणायला लागला, पण पॉलिसी एकाचीही त्यांच्याकडे नव्हती. तारा आणि दांडे लिफ्टवाले गंमत म्हणून वाकवून हँगर करायचे. कुबडी टेकून ते आता दुकानातच बसत, बटणं लावत. "पुरे की आता," ते मधूनच म्हणत. "साडूचं कंबरडं मोडलं. आणखी काय हवंय?"

"वाक्य हवंय," बाई म्हणायची.

भाऊजी एकदा दुकानात तणतणत आले. अत्तर नव्हतं, इस्त्रीही नव्हती. "सख्ख्या बहिणीच्या संसारात विष कालवतेस! माझ्या पोटावर पाय देतेस!"

"माझ्या घरात एक पाय आधीच कमी आहे भाऊजी," बाई टाका घालता घालता म्हणाली. "तुमच्या पोटावर द्यायला कुठून आणू?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली. भाऊजी जे गेले ते पुन्हा त्या गल्लीत दिसले नाहीत.

पाय गेल्यानंतर सहा महिन्यांनी एका दुपारी ताई आली होती. नवऱ्याला न सांगता, हातात एक ड्रेस. "सैल होतोय," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून दोघी बोललेल्या नव्हत्या. कातरबाईने टेप लावला, वही उघडली. मागच्या मापापेक्षा कंबर दोन इंच कमी, छाती दीड.

"किती वर्षं झाली शुगरला?" कातरबाईने विचारलं.

"नऊ."

"आणि फॉर्मवर?"

ताई आरशात बघत म्हणाली, "माझ्या फॉर्मवरही ह्यांनी 'नाही'च लिहिलंय."

कातरबाईला आनंद झाला. हो, आनंदच झाला, उगाच कशाला लपवा! देवाने गाठ घातली म्हणायची. एक ना एक दिवस ताई आजारी पडेल, चौकशीवाला येईल, वही उघडेल, आणि त्या माणसाला दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहून तेच पत्र वाचावं लागेल. क्षणभर तिला ते पत्र दिसलंसुद्धा. मग तिचं लक्ष गेलं. ताई अजून हात वर करून उभी होती, माप घ्यायला सोपं जावं म्हणून, लहानपणी आईपुढे दोघी उभ्या राहत तशी. तिचा काखेजवळचा दंड काडीसारखा झाला होता.

"तू त्या दिवशी गप्प बसलीस," कातरबाई म्हणाली.

"बसले," ताई म्हणाली. "रोज आठवतं."

तशी कातरबाईने ड्रेस बाजूला सारला आणि ड्रॉवरमधून दुसऱ्या कंपनीचा फॉर्म काढला. शुगर लिहिली, गोळ्यांची नावं लिहिली, बापाला काय होतं तेही लिहिलं. शुगरमुळे हप्ता वाढला. मग पहिला खर्च स्वतः सोसायचा आकडा मोठा धरून बाईने तो बराचसा खाली आणला. सही ताईने वाचून केली. हप्ता ताईच्या पगारातून जायचा. कार्ड तिच्या पर्समध्ये वाचनालयाच्या ओळखपत्रामागे राहिलं. भाऊजींना पत्ताच नव्हता.

त्याला सव्वातीन वर्षं झाली. थांबायची मुदत संपली, आणि ताईच्या गर्भाशयात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, पण काढायला हवी. बारा दिवसांनंतरची तारीख दिली.

ताई दुकानात आली तशी कातरबाई म्हणाली, "कार्ड आणलंस ना? चल, आजच देऊन टाकू."

"माझं कार्ड मी दवाखान्यात दिलंय, मंजुरी येईल तोवर कोणाला बोलू नका म्हणून सांगितलंय," ताई म्हणाली. "पण आधी ह्यांची पॉलिसी लावू दे. हे मोठ्या रुबाबात म्हणालेत, 'माझी बायको आहे, मी बघतो.' बघू दे."

"ताई, अगं नामंजूर होईल ती!"

"ठाऊक आहे." ताईने पिशवीतून चष्मा काढला, पुसला. "चौकशीवाला आला की त्याला मीच सांगणार आहे की माझे कपडे माझी बहीण अल्टर करते, आणि तिच्याकडे वही असते. तू दाखव त्याला. मला ते वाक्य परत ऐकायचंय. या वेळी मी गप्प बसणार नाही."

कातरबाईने वही जवळ ओढली. चार वर्षं तिला वाटत होतं की हा राग एकटीचाच आहे.

चौकशीवाला तिसऱ्या दिवशी आला. तोच गृहस्थ, केस पिकलेले. बाईने त्याला ओळखलं, पण त्याने बाईला ओळखलं नव्हतं. पँट आता घट्ट झाली होती, सैल करून हवी होती. "या, या," बाई गोड आवाजात म्हणाली. "तुमचं माप आहे माझ्याकडे." तिने जुनी वही काढून पान उलटलं. "बत्तीस होते. आज पस्तीस. खाणं सांभाळा." मग ताईचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं, तारखा, मापं, शुगरच्या गोळ्या, सगळं. "काढा फोटो. अक्षर सुंदर आहे ना?" गृहस्थाने मान खाली घालून फोटो काढला. जाताना बाईने शिलाई घेतली, आणि म्हणाली, "मागच्या वेळची राहिलीय. तीही द्या." त्याने दिली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात सगळे जमले. आई आली होती, मामा-मामी आले होते. ताई चाकाच्या खुर्चीत, अंगात दवाखान्याचा झगा, मांडीवर पर्स. भाऊजी खिडकीपाशी उभे. खिडकीतल्या मुलीने कागद वाचून सांगितलं, "सर, तुमची पॉलिसी कंपनीने रद्द केलीय. फॉर्मवर आजार लपवलाय."

भाऊजींचा आवाज चढला. "लपवला? शुगर काय, सगळ्यांनाच असते! पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे! मॅनेजरला बोलवा!" मॅनेजर आला, त्यानेही तेच सांगितलं. भाऊजींनी मागे वळून पाहिलं, भिंतीला टेकून कातरबाई उभी होती, गळ्यात टेप, काखेत वही. हातातलं काम अर्धं टाकून आली होती ती.

"तू!" भाऊजी ओरडले. "तूच! तुझ्या वहीने..."

आणि ते थांबले.

"बोला ना," खुर्चीतून ताई म्हणाली. "थांबलात का? वहीने काय खाल्लं?"

खिडकीतली मुलगीसुद्धा टाईप करायची थांबली.

"माझा फॉर्म कोणी भरला?" ताईने विचारलं.

"अगं, ही काय वेळ आहे..."

"कोणी भरला?"

"मी."

"आणि साडूंचा?"

भाऊजींनी आईकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. कोणी फरशीकडे बघत नव्हतं. "मीच."

"मोठ्याने. मामांना कमी ऐकू येतं."

"मीच भरला!" भाऊजी म्हणाले. "मीच 'नाही' लिहिलं. हिने सांगितलं होतं, तरी मी लिहिलं."

"मग पाय कोणी खाल्ला?"

भाऊजी कोरड्या आवाजात म्हणाले, "मी. वहीने नाही. मी खाल्ला."

ताईने खिडकीकडे मान वळवली. "आता माझी मंजुरी सांग गं." मुलीने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या कंपनीची परवाच आलीय. तुमचा भाग भरला आहे. आत घेऊ या?" भाऊजी त्या मुलीकडे, मग ताईकडे, मग कातरबाईकडे बघत राहिले. वॉर्डबॉयने खुर्ची फिरवली आणि ताईला आत नेलं.

कातरबाई जिना उतरली. दुकानापर्यंतचा रस्ता तिने कसा कापला तिला कळलं नाही. तोंडाने ती तेच पुटपुटत होती: वहीने नाही, मी खाल्ला. दुकानात शिरताच तिने वही टेबलावर आपटली आणि लिफ्टवाल्यांना सगळं सांगितलं, साभिनय. भाऊजींचा आवाज काढला, मामांचा कान केला, त्या मुलीचे डोळे केले. "आणि म्हणाले, मी खाल्ला! सगळ्यांदेखत!"

लिफ्टवाले बटण लावत होते. त्यांनी सुई कापडात खोवून ठेवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "आणि ताई कशी आहे?"

कातरबाईने वर पाहिलं. घड्याळात साडेबारा झाले होते. ऑपरेशन दहाला होतं. ताईला आत नेताना तिने तिच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नव्हता. वाक्य मिळालं, आणि ती बाजारातून सामान घेऊन निघावं तशी निघून आली होती.

ती तशीच उलट पावली पळाली. दाराशी टोपली कलंडली, छत्र्या रस्त्यावर पसरल्या, तिने वळूनही पाहिलं नाही. लिफ्टवाले कुबडीने एकेक छत्री जवळ ओढत राहिले.

दवाखान्यात ताईला खोलीत आणलं होतं. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. आई उशाशी बसली होती. भाऊजी बाहेर बाकावर होते, त्यांच्यापुढून कातरबाई गेली तेव्हा ते अवघडून उठले, पण तिने तिकडे पाहिलं नाही. पलंगापाशी ती धापा टाकत उभी राहिली.

"कुठे होतीस?" ताईने विचारलं.

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "दुकानात गेले होते. ह्यांना सांगायला."

"सांगून झालं?"

"झालं."

ताईने डोळे मिटले. "मग आता इथे बस," ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला हात सरकवून जागा करून दिली. कातरबाई बसली. गळ्यातला टेप तिने काढला, गुंडाळला आणि पिशवीत ठेवून दिला.